दिवा भिंतीवर, पाय जमिनीवर

दसरा होतो न होतो तोच घराघरांत एक ओळखीचं दृश्य दिसू लागतं. माळ्यावरून आकाशकंदिलाचं खोकं खाली उतरतं, फाटकाजवळचा दिवा पावसाळ्यातच कधीतरी बंद पडला होता हे कुणाला तरी आठवतं आणि शेजाऱ्यांकडून शिडी मागून आणली जाते. शिडी नाही मिळाली तर प्लास्टिकची खुर्ची असतेच. ती पुरत नसेल तर टेबलावर स्टूल. घरातला सगळ्यात उत्साही माणूस वर चढतो आणि खाली जो आधाराला उभा असतो, त्याचा एक हात शिडीवर आणि दुसरा मोबाइलवर असतो. बंगला पुण्याचा असो, इंदूरचा की बेळगावचा, यात फारसा फरक पडत नाही.

बाहेरच्या भिंतीवर दिवा लावणं हे तसं अर्ध्या-पाऊण तासाचं काम. दिव्याचा आकार, रंग, किंमत यावर घरात आठवडाभर चर्चा होते. तो किती उंचीवर लावायचा हे मात्र शिडीवर चढल्यावर ठरतं. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, हात पोचेल तितका वर. सगळा धोका इथूनच सुरू होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरण पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. यात सगळ्या तऱ्हेचं पडणं आलं, अंगणातल्या अंधाऱ्या पायरीवरून पडणंही आणि शिडीवरून पडणंही. आजोबा पायरीवर अडखळू नयेत म्हणून आपण दिवा लावतो आणि तो लावताना बाबा पडतात, अशी ही विचित्र जोडी आहे.

‘आठ-दहा फूट म्हणजे काही फार नाही’ असं वाटत असेल तर एक साधा हिशेब पाहा. दोन मीटरवरून, म्हणजे साडेसहा फुटांवरून पडणारा माणूस जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी साधारण २२ किलोमीटर असतो. तीन मीटरवरून पडला तर ताशी २७ किलोमीटरच्या पुढे. दोन मीटर खाली यायला लागतो अर्ध्या सेकंदाहून थोडासाच जास्त वेळ. तेवढ्यात हात पुढे करून सावरणं, काहीतरी पकडणं हे सिनेमात जमतं.

दिवा खाली आणा

दाराशेजारच्या दिव्याचं काम काय, तर कुलपाचं भोक दिसावं, आलेल्या माणसाचा चेहरा दिसावा आणि पायरीची कड दिसावी. या तिन्ही गोष्टी जमिनीपासून पाच ते सहा फुटांच्या आत आहेत. मग दिवा दहा फुटांवर, थेट स्लॅबच्या खाली कशाला?

दाराच्या बाजूला, उंबऱ्यापासून साडेपाच ते सहा फुटांवर दिवा बसवला तर तो बहुतेक मोठ्या माणसांच्या डोळ्यांच्या थोडा वर येतो. उजेडाचा हिशेबही याच बाजूने आहे. अंतर वाढलं की उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दहा फुटांवरचा तोच दिवा सहा फुटांवर आणला तर त्याच्या थेट खालच्या पायरीवरचा उजेड जवळजवळ पावणेतीन पट होतो. मोठा दिवा घ्यायची गरजच उरत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे हे काम जमिनीवर उभं राहून किंवा फार तर एका पायरीच्या भक्कम स्टुलावर उभं राहून करता येतं. पुढच्या वर्षी पुसायचा असेल, बल्ब बदलायचा असेल, तरी पुन्हा शिडी नको.

अडचणी आहेतच. खालचा दिवा डोळ्यांत खुपतो, म्हणून उघडा बल्ब न लावता उजेड खाली किंवा खाली-वर टाकणारी, समोरून झाकलेली फिटिंग घ्या. उजेडाचा पसाराही थोडा कमी होतो. अंगण मोठं असेल तर एक उंच दिवा लावण्याऐवजी दोन छोटे दिवे खाली लावा. अरुंद बोळात भिंतीतून सहा इंच बाहेर आलेली फिटिंग कुणाच्या तरी कपाळाला लागणार हे नक्की, तिथे चपटीच हवी. आणि मुलांचा क्रिकेटचा चेंडू? काचेऐवजी पॉलिकार्बोनेटचं झाकण असलेली फिटिंग घेतली की त्याची काळजी बरीच मिटते.

गच्चीच्या जिन्याला तर मी भिंतीवर वर दिवा लावूच नये या मताची आहे. पायरीपासून फूटभर उंचीवर बसवलेले छोटे दिवे पायऱ्या नेमक्या दाखवतात, आणि जिन्यात शिडी लावायचा प्रसंगच येत नाही.

खोक्यावरचे दोन आकडे

बाहेरच्या फिटिंगच्या खोक्यावर ‘आयपी’ आणि त्यापुढे दोन आकडे असतात. ते नुसतेच छापलेले नसतात. पहिला आकडा धुळीपासून किती संरक्षण आहे ते सांगतो, दुसरा पाण्यापासून. आयपी ४४ म्हणजे कुठूनही उडालेल्या शिंतोड्यांना टिकणारी. छज्जाखाली, आत सरकलेल्या दारापाशी ती चालते. आयपी ६५ म्हणजे धूळ अजिबात न शिरणारी आणि पाण्याच्या फवाऱ्यालाही दाद न देणारी. उघड्या भिंतीवर, फाटकाच्या खांबावर हीच घ्या. कोकणात आणि गोव्यात पाऊस वरून कमी आणि आडवाच जास्त येतो, तिथे छज्जाच्या भरवशावर राहू नका. राजस्थानात पाऊस कमी, पण धूळ इतकी की तिथे पहिला आकडा आधी बघावा.

समुद्राजवळ राहत असाल तर लोखंडी फिटिंग कितीही देखणी असली तरी मोहात पडू नका. खारी हवा तिला दोन-तीन पावसाळ्यांत खाऊन टाकते. पावडर कोटिंग केलेलं अ‍ॅल्युमिनियम किंवा चांगलं प्लास्टिक, आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. फिटिंगबरोबर पुडीत येणारे स्क्रू बहुतेक वेळा साधे असतात. ते बाजूला ठेवा.

उजेडाचा रंगही विचार करून निवडा. पांढरा-निळसर, ६५०० केल्विनचा उजेड दुकानात झगझगीत वाटतो. पण निळसर उजेडाकडे किडे अधिक ओढले जातात आणि किड्यांमागोमाग पाली. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा दाराशी बरा. विजेच्या बिलाची चिंता नको. ९ वॅटचा एलईडी रोज रात्रभर, ११ तास जळला तरी महिन्याला साधारण ३ युनिट होतात. जुना ६० वॅटचा बल्ब तेवढ्याच वेळात २० युनिट घ्यायचा.

हालचाल टिपून लागणारे सेन्सरचे दिवे सोयीचे असतात, पण ते रस्त्याकडे तोंड करून लावले तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सलाम करत बसतात. माणूस सेन्सरच्या दिशेने सरळ चालत येण्यापेक्षा त्याच्या समोरून आडवा जातो तेव्हा सेन्सरला तो लवकर कळतो. म्हणून पायवाट आडवी जाईल अशा बेताने तो बसवा. सोलर दिव्याला वायर नसते हे त्याचं सगळ्यात मोठं सुख. मात्र त्याच्या पॅनेलवर दिवसा चांगलं ऊन पडायला हवं.

वायरमनचं काम कोणतं आणि तुमचं कोणतं

याची सीमारेषा कायद्यानेच बऱ्यापैकी आखून दिलेली आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार घरातल्या वीजजोडणीत भर घालणं, फेरफार करणं हे काम परवानाधारक ठेकेदाराकडून आणि प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच करायचं असतं. जोडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलता दिवा, पंखा, स्विच, फिटिंग नुसतं बदलायचं असेल तर त्याला सूट आहे. थोडक्यात, भिंतीवर पॉइंट आधीच आहे आणि जुनी फिटिंग काढून नवी लावायची आहे, तर ते तुम्ही करू शकता. नवा पॉइंट काढायचा आहे, बोर्डापासून वायर ओढायची आहे, तर वायरमनला बोलवा.

त्याला बोलवलंच आहे तर दोन गोष्टी आवर्जून विचारा. बाहेरच्या दिव्यापर्यंत अर्थिंगची वायर आली आहे का? आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला आहे का? एमसीबी आहे म्हणून लोक निश्चिंत असतात. पण एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. ६ अँपिअरचा एमसीबी ६००० मिलिअँपिअरपर्यंत विजेला मोकळी वाट देतो. माणसाच्या जिवाला याच्या शतांशाहूनही कमी वीज पुरते. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तितकीच परत येते का यावर नजर ठेवतो. तुमच्या अंगातून थोडी जरी जमिनीत गेली की तो क्षणार्धात पडतो. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलं तर मात्र तोही वाचवू शकत नाही, कारण त्याच्या लेखी तुम्ही म्हणजे एक बल्बच.

बंद म्हणजे खरंच बंद आहे का?

‘स्विच बंद केलाय’ हे वाक्य शिडीवर चढण्यासाठी पुरेसं नाही. अनेक जुन्या घरांत स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला असतो. तो बंद केला की दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत फेज जिवंतच राहते. एलईडी बंद केल्यावरही अंधुक मिणमिणत राहत असेल तर त्यामागचं एक कारण हेही असू शकतं. म्हणून त्या भागाचा एमसीबी पाडा, शक्यतो मेन स्विचच बंद करा.

आणि मग इन्व्हर्टर! मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, आणि तो इमानदारीने आपलं काम सुरू करतो. दाराबाहेरचा दिवा हा बहुतेक घरांत इन्व्हर्टरवरच घेतलेला असतो, कारण वीज गेल्यावर तोच तर हवा असतो. मेन बंद केल्याच्या समाधानात माणूस वायरीला हात घालतो आणि तिथे पूर्ण २३० व्होल्ट असतात. इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणानेही बंद करा आणि त्याची लाइन बोर्डावर वेगळी असेल तर तिचा एमसीबीही पाडा. छतावर सोलर आणि त्याला बॅटरी जोडलेली असेल तर तिचीही तीच गत.

त्यानंतर टेस्टर. टेस्टर आधी चालू असलेल्या एखाद्या प्लगमध्ये लावून तो पेटतो का ते पाहा, मग दिव्याच्या वायरींना लावा, मग पुन्हा चालू प्लगमध्ये. मधल्या वेळी तो पेटला नाही आणि दोन्ही टोकांना पेटला, तरच वीज नाही असं समजा. मेन बंद असल्यामुळे घरात चालू प्लग उरला नसेल तर शेजारच्या घरात जाऊन तपासा. दोन मिनिटं जातात, एवढंच. टेस्टरचा इवलासा दिवा भर उन्हात दिसतही नाही, तेव्हा हाताने सावली धरून बघा. एमसीबीच्या डब्यावर ‘काम चालू आहे, हात लावू नका’ अशी चिठ्ठी चिकटवा. टीव्ही बंद पडला म्हणून कुणीतरी आतून बटण वर करणारं असतंच.

वायरींच्या रंगांवर विसंबून राहू नका. आपल्याकडे फेजला लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला काळा आणि अर्थला हिरवा असा रिवाज आहे. बाहेरच्या देशांतून आलेल्या फिटिंगमध्ये मात्र तपकिरी म्हणजे फेज आणि निळा म्हणजे न्यूट्रल. एकच निळा रंग, भिंतीतून येताना फेज असू शकतो आणि दिव्यातून येताना न्यूट्रल. निळ्याला निळा जोडायचा मोह इथेच घात करतो.

भिंत, भोक आणि पाणी

भोक पाडण्याआधी भिंत कशाची आहे ते माहीत हवं. पक्क्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत प्लास्टिकची साधी गिट्टी छान बसते. जांभ्या दगडाच्या भिंतीत पोकळ्या असतात, तिथे लांब गिट्टी आणि लांब स्क्रू लागतो. नव्या इमारतींतल्या हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतींना त्यांच्यासाठीची वेगळी गिट्टी मिळते. साधी लावली तर ती हळूहळू सैल होते. पॉइंटच्या थेट वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, आतली वायर बहुधा त्याच रेषेत गेलेली असते.

पाण्याचं म्हणाल तर ते फिटिंगमध्ये वायरीच्या अंगाने शिरतं. वायर वरून उतरत थेट फिटिंगमध्ये गेली तर पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत आत पोचतं. म्हणून उघडी वायर आधी फिटिंगच्या खाली नेऊन मग वळवून वर आत घ्या. पाणी त्या वळणाच्या तळाशी थेंब होऊन गळून पडतं. फिटिंग आणि भिंत यांच्या फटीत सिलिकॉन भरा, पण फक्त वरच्या आणि दोन्ही बाजूंना. खालची कड मोकळी सोडा. चारी बाजूंनी बंद केलेल्या फिटिंगच्या आत गारव्याने पाणी धरतं आणि त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. काळ्या टेपने गुंडाळलेले जोड ऊन-पावसात एक-दोन वर्षांत सुटतात. जोड कनेक्टरने करा आणि ते बंद डबीच्या आत ठेवा.

आता एक काम असं करा की जे वायरमनही सहसा करत नाहीत. नवी फिटिंग आधी जमिनीवर, टेबलावर पूर्ण उघडून पाहा. बल्ब लावा, तिच्या शेपटीच्या वायरी सोलून ठेवा, कनेक्टर बसवा, पाठीमागची पट्टी कागदावर ठेवून भोकांच्या खुणा करून घ्या. मग तो कागदच भिंतीवर चिकटवायचा. वर जाऊन करायचं काम उरतं ते दोन भोकं, दोन स्क्रू आणि तीन जोड.

चढावंच लागलं तर

काही दिवे उंचच लावावे लागतात. फाटकाचा खांब असतो, गच्चीचा कठडा असतो, गाडी ठेवायची जागा असते. अशा वेळी शिडी कोणती, हा पहिला प्रश्न. अ‍ॅल्युमिनियमची शिडी हलकी, म्हणून घरोघरी हीच. पण अ‍ॅल्युमिनियममधून वीज जाते, त्यामुळे विजेच्या कामाला ती नको. फायबर ग्लासची शिडी यासाठीच असते. महाग वाटली तर दिवसाच्या भाड्याने मिळते का ते पाहा. कोरडी लाकडी किंवा बांबूची शिडीही चालते, ओली नाही. रंग दिलेली लाकडी शिडी घेऊ नका. रंगाखाली तडा दिसत नाही. शिडी अंगणातून नेताना वर बघत चला. घरावरून गेलेल्या विजेच्या तारांचा विसर पडतो तो नेमका याच वेळी, कारण सगळं लक्ष कुंड्या वाचवण्यात असतं.

दिवाळीच्या आधी अंगणात शेवाळ असतं. फरशीवर दिसत नाही, पण पाय ठेवला की कळतं. शिडीच्या पायांनाही तेच. ती जागा आधी घासून कोरडी करा. माती मऊ असेल तर खाली रुंद फळी टाका. एका पायाखाली वीट ठेवून शिडी समतल करणं हा आपला राष्ट्रीय उपाय असला तरी तो करू नका.

भिंतीला टेकवायची शिडी असेल तर एकास चार हे माप लक्षात ठेवा. ती जिथे टेकते ती उंची बारा फूट असेल तर तिचे पाय भिंतीपासून तीन फूट बाहेर हवेत. मोजपट्टी नको. शिडीच्या पायांना बोटं टेकवून सरळ उभे राहा आणि हात खांद्याच्या रेषेत पुढे करा. तळवे समोरच्या आडव्या दांडीला सहज टेकले तर कोन बरोबर आहे. गच्चीवर चढून जायचं असेल तर शिडी कडेच्या वर तीन फूट हवी आणि वरून बांधलेली हवी. पाय जमिनीवरून शिडीवर ठेवण्यापेक्षा गच्चीवरून शिडीवर ठेवताना माणसं जास्त घाबरतात, आणि ते योग्यच आहे.

घडीची शिडी पूर्ण उघडून मधल्या पट्ट्या ताणून बसल्या आहेत ना ते दाबून बघा. ती मिटवून भिंतीला टेकवायची नाही, त्यासाठी ती बनलेलीच नसते. सगळ्यात वरच्या दोन पायऱ्या उभं राहण्यासाठी नसतात. आणि शिडीचं तोंड कामाकडे हवं. बाजूला वळून ड्रिल दाबलं की तो दाब उलट तुम्हालाच ढकलतो आणि अरुंद बाजूने शिडी झुकते.

शिडीवरचं सगळ्यात वाईट काम म्हणजे ड्रिलिंगच. एरवी दोन पाय आणि एक हात असे तीन आधार कायम शिडीवर असावेत असा नियम आहे. ड्रिलला दोन्ही हात लागतात, म्हणजे आधार दोनच. भोक पडता पडता बिट अचानक अडकला तर हिसका मनगटाला बसतो आणि तोल पायांचा जातो. घरात सराव असलेलं कुणी नसेल तर उंचावरची भोकं पाडण्यापुरतं तरी कारागिराला बोलवा. पुढचं तुम्ही करा.

हात पोचत नाही म्हणून वाकायचं नाही. तुमची बेंबी शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या मधेच राहिली पाहिजे. ती बाहेर गेली की खाली उतरा, शिडी सरकवा, पुन्हा चढा. कंटाळा येतो, मान्य. बहुतेक माणसं पडतात ती हा कंटाळा टाळताना. खिशात पक्कड आणि तोंडात स्क्रू धरून चढू नका. हत्यारं पिशवीत घालून दोरीने वर ओढून घ्या. स्लीपर, चपला नकोत, रबरी तळाचे बूट हवेत. ओढणी, लुंगी, साडीचा पदर यांना शिडी फार आवडते, तेव्हा कपडे आवरून घ्या.

खाली उभं राहणारं माणूस हे या कामातलं अर्धं माणूस नव्हे. त्याने दोन्ही हातांनी दोन्ही दांडे धरायचे, एक पाय खालच्या दांडीवर दाबून ठेवायचा आणि मोबाइल घरात ठेवून यायचा. शिडीजवळचं दार बाहेर उघडत असेल तर त्याला आतून कडी घालायची. मुलं आणि कुत्रं आत. वरच्या माणसाशी गप्पा कमी, पण ‘उतरा, फार वाकताय’ हे मोठ्याने सांगायचं काम त्याचंच, मग वर सासरे असोत की नवरा.

चक्कर येण्याची तक्रार, रक्तदाबाची नवी औषधं, नुकतंच झालेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन, असं काही असेल तर त्या दिवशी शिडी नाही. साठी ओलांडलेल्या ज्या माणसाने आयुष्यभर घरातले सगळे दिवे स्वतः लावले, त्याला हे सांगणं अवघड असतं. ‘तुम्ही खाली उभे राहून सांगा, मी करते’ असं म्हटलं तर बहुधा जमतं. त्याच्या हाताची कला मुलीला किंवा सुनेला शिकायला मिळते ती वेगळीच. फेज-न्यूट्रल समजायला पुरुषच असावं लागतं असं थोडंच आहे!

विजेचा झटका आणि शिडी यांचा एकत्र विचार कुणी करत नाही, पण तो केलाच पाहिजे. जमिनीवर जो झटका नुसता हात झटकून विसरून जाता येतो, तोच दहा फुटांवर माणसाला खाली आणतो.

फ्लॅटच्या गॅलरीत

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना वाटेल, आपल्याला शिडी लागतच नाही. आकाशकंदील मात्र लागतो, आणि तो गॅलरीत स्टुलावर उभं राहून लावला जातो. साडेपाच फूट उंचीच्या माणसाच्या शरीराचा तोल बेंबीच्या आसपास, जमिनीपासून साधारण तीन फुटांवर असतो. साडेतीन फुटांचा कठडा त्याला अडवतो. दीड फुटाच्या स्टुलावर चढलं की तोच तोल साडेचार फुटांवर जातो आणि कठडा जेमतेम मांडीपर्यंत येतो. आता तोल गेला तर अडवायला काहीच नाही, आणि पडणं स्टुलाच्या उंचीचं नसतं, मजल्यांच्या उंचीचं असतं.

गॅलरीत कठड्याजवळ स्टूल, खुर्ची, शिडी काहीही नको. भिंतीवरचा दिवा घराच्या बाजूच्या भिंतीवर घ्या, कठड्यापासून लांब. आकाशकंदिलासाठी एकदाच वायरमनकडून किंवा सुताराकडून गॅलरीच्या छताला, कठड्यापासून हातभर आत एक हूक आणि छोटी कप्पी लावून घ्या. नायलॉनची दोरी कप्पीतून खाली सोडली की कंदील जमिनीवर उभं राहून झेंड्यासारखा वर चढवता येतो आणि तुळशीच्या लग्नानंतर तसाच उतरवता येतो. हे जमत नसेल तर पडद्याच्या जुन्या दांड्याला तारेचा आकडा बांधला तरी भागतं. इमारतीच्या बाहेरच्या अंगाला काही लावायचं असेल तर ते सोसायटीकडून माणूस बोलावून, कमरेला पट्टा बांधूनच होईल. आपण वाकून बघायचंही नाही.

कुणी पडलंच तर

पहिली प्रतिक्रिया असते त्याला उठवून बसवायचं आणि पाणी पाजायचं. दोन्ही नको. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तर आहे तिथेच निजू द्या, डोकं हलू देऊ नका आणि ११२ किंवा तुमच्या राज्यात चालणाऱ्या १०८ क्रमांकावर फोन करा. वीज लागून पडला असेल आणि वायर अंगाला चिकटलेली असेल तर हात लावण्याआधी मेन आणि इन्व्हर्टर बंद. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करा. श्वास चालत नसेल तर फोन करून लगेच छातीच्या मध्यावर जोराने दाब द्यायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारं माणूस डोक्यावर पडलं तर ते उठून चहा पिऊ लागलं तरी दवाखान्यात न्याच. डोक्यातला रक्तस्राव काही तासांनी किंवा दिवसांनीही त्रास देऊ शकतो.

सगळं नीट झालं, दिवा लागला, की आरसीसीबीवरचं ‘टी’ अक्षराचं टेस्ट बटण दाबून पाहा. घरातली वीज लगेच गेली पाहिजे. नाही गेली तर आधी वायरमनला फोन करा. हीच चाचणी दर महिन्याला करायची. आणि येत्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी, मेन आणि इन्व्हर्टर बंद करून, फिटिंगचं झाकण उघडून बघा. काचेच्या आत दव किंवा तळाशी पाणी दिसलं तर वरचं सिलिकॉन कुठे सुटलंय ते शोधा आणि खालची कड मोकळी आहे ना ते पाहा. दिवा सहा फुटांवर असेल तर यासाठी शेजाऱ्यांची शिडी पुन्हा मागावी लागणार नाही.